धुऊन दिलेलं कापड

माझी धाकटी बहीण पल्लवी औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती, आणि शेवटच्या वर्षाला माणूस निदान चित्र तरी काढत असेल असा माझा समज होता. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये ती शिरड शहापूरला घरी आली ती मांजरपाटाचा तागा, काचेच्या रिकाम्या बरण्यांची खोकी आणि डोक्यात एक खूळ घेऊन. रंगाची एक डबी सोबत नव्हती.

"ताई, या वेळी चित्र नाही. मांडणी करायची आहे," ती म्हणाली. "माणसाच्या शरीराची. पण शरीर न दाखवता."

"मग काय दाखवणार?"

"दाखवायचं काहीच नाही. वास द्यायचा."

मी गावच्या उपकेंद्रात नर्स. लोकांच्या अंगाचे सगळे वास दिवसभर माझ्या नाकात असतात, आणखी कोणी आणून दिले तर मला नको होते. तसं मी तिला तोंडावर सांगितलं. तिने मनावर घेतलं नाही, कारण तिला माझ्याकडून मत नको होतं, वजनकाटा हवा होता.

तिचा बेत असा होता. गावातल्या माणसांना मांजरपाटाचा एकेक चौकोनी तुकडा द्यायचा. पुरुषांनी तो गळ्यात बांधायचा, बायांनी झंपरात किंवा कमरेला खोचायचा, आणि रोजचं काम करत तीन-चार दिवस तो अंगावरच ठेवायचा. मग न धुता परत द्यायचा. पल्लवी तो बरणीत घालून झाकण लावणार. बरणीवर एक कार्ड असणार, आणि त्यावर त्या माणसाची उंची, वजन, नाडीचे ठोके, जन्मतारीख, अंगावरची ओळखीची खूण. नाव मात्र कुठेच नाही. बघायला येणाऱ्याने झाकण उघडायचं, वास घ्यायचा, आकडे वाचायचे आणि पुढे जायचं.

"नाव नाही, म्हणजे जात नाही, गल्ली नाही," पल्लवी म्हणाली. "नुसता माणूस."

तिचे सर औरंगाबादहून गावात येऊन मार्क देणार होते. आमच्या भीमनगरातलं समाजमंदिर तिने मागून घेतलं होतं. बाबा ग्यानोबा, म्हणजे आमचे वडील, तिला कशालाच नाही म्हणत नाहीत. त्यांनी शाळेतून बाकं आणायचं कबूल करून टाकलं.

मी चिडचिड केली आणि काटा घेऊन निघाले. भीमनगर झालं, वेशीच्या आतली घरंही झाली. नर्सबाई म्हणून मला सगळी दारं उघडी असतात, निदान ओट्यापर्यंत तरी. लोक काट्यावर आनंदाने चढले. जन्मतारखेपाशी मात्र गाडी अडायची. पुरुष एकजात एक जूनला जन्मलेले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकली तीच खरी. त्या दिवशी गावातल्या सुईणींचं काय झालं असेल याचा विचार करून मला हसू येई. बायांना तर तारीखच नव्हती. आमची माय पद्माबाई म्हणाली, "सिद्धेश्वर धरणाचं काम चालू होतं. माही माय मातीची पाटी टाकून बाजूला गेली अन् मी झाले." पल्लवीने कार्डावर जन्मतारखेपुढे तेच लिहिलं.

तुकड्याची वेळ आली तेव्हा मात्र माय आडवी आली.

ते समजायला मायची गोष्ट सांगायला हवी. ती लग्न होऊन आली तेव्हापासून हळदीच्या दिवसांत रामकिशनच्या शेतावर जाते. कढईत हळद शिजवायची, ती उपसायची, पसरायची. वाफ, धूर, घाम, पिवळे पाय. संध्याकाळी मालकाच्या घरी ताक घ्यायला जायचं, तर मालकीण सखुबाई ओट्यावरून ताक ओतताना दुसऱ्या हाताने पदर नाकाला लावायची. तोंडाने कधी काही बोलली नाही. वाईट बाई नव्हती ती, माझ्या बाळंतपणात तिने तूप पाठवलं होतं. पण पदर लावायची. मी लहानपणी मायबरोबर जायची तेव्हा बघितलंय, आणि बघितलं की माझ्या कानाच्या पाळ्या तापायच्या. माय मात्र खाली लोटक्याकडे बघत राहायची. पुढे पुढे ती शेतावरून परस्पर हापशावर जाऊन, अंग घासून, दुसरं लुगडं नेसून मगच ताकाला जायला लागली. तरी पदर नाकाला लागायचाच. मग मायने साबण वाढवला. आमच्या घरी तेल संपलेलं मी पाहिलंय, साबण संपलेला नाही.

तर पल्लवीने तुकडा पुढे केला, आणि माय म्हणाली, "मला न्हाई लागत."

"माय, सगळ्यांनी घेतलाय."

"घेऊ दे. माह्या अंगाचा वास चार लोकांनी नाक घालून घ्यायचा? काहून? म्या काय वाईट केलं तुजं?"

"नाव नसंल त्याच्यावर. कोणाला कळणार न्हाई."

"मला ठाव असंल ना."

मी मायच्या बाजूची होते. पल्लवीला म्हटलं, सोड आता, एक बरणी कमी. तर ती रडायलाच लागली. रडत रडत म्हणाली की हॉस्टेलच्या पहिल्या वर्षी खोलीतल्या मुलीने तिला विचारलं होतं, तुझ्या कपड्यांना कसला गं वास येतो. तेव्हापासून ती एकेक ड्रेस दोनदोनदा धुवायची, बोटांची सालं निघेपर्यंत. "एक दिवस धुता धुता मला तू दिसलीस माय. तवापासून हे डोक्यात हाय. तूच नसशील तर मी हे कोणासाठी करून राहिले?"

माय बराच वेळ चुलीतलं लाकूड मागेपुढे करत बसली. मग तिने तो तुकडा उचलला आणि कमरेला खोचला. मला तिची इतकी दया आली की मी पल्लवीशी त्या दिवशी बोललेच नाही.

चार दिवसांनी तुकडे गोळा झाले. वेशीच्या आत मी पल्लवीबरोबर गेले होते. सखुबाईने ओट्यावरच्या दोरीवरून आपला तुकडा ओढला आणि वरूनच पल्लवीच्या पिशवीत टाकला. "मळलाय गं लई. धुऊन घे," म्हणाली. आजूबाजूच्या घरांतही तोच प्रकार झाला. कोणी टाकला, कोणी काठीने सरकवला, आणि सगळ्यांनी तेच सांगितलं की धुऊन घे. मला राग आला, पण पल्लवी खूश. बिनधुतलेच हवे होते तिला. भीमनगरातले तुकडे बाबांनी घरोघर फिरून आणले आणि रात्री लाइट गेलेली असल्याने ते अंधारातच, न बघता, पिशवीतून बरण्यांत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिरात बाकांवर बरण्या मांडून झाल्या. सुंदर दिसत होतं, मी खोटं बोलणार नाही. खिडकीतून ऊन येत होतं आणि काचा चमकत होत्या. सर यायच्या आधी एकदा बघावं म्हणून पल्लवीने भीमनगरच्या रांगेतलं पहिलं झाकण उघडलं आणि नाक आत घातलं. मग दुसरं. मग भराभरा सगळी उघडत गेली.

"ताई, इकडे ये."

मी वास घेतला. साबण. पुढच्या बरणीत साबण. त्याच्या पुढच्या बरणीत साबण आणि डांबरगोळी. आमचा चुलतभाऊ सुरज, त्याच्या बरणीत तोंडाला लावायची पावडर. आख्ख्या भीमनगराने तुकडे धुतले होते. नुसते धुतले नव्हते, नीळ घालून धुतले होते, आणि काहींना तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली होती.

शेजारची भिकाबाई दारातून बघत होती, तिला मी विचारलं, "मावशी, धुवायचा न्हाई म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं व्हतं. पण दुसऱ्याची वस्तू अशी घाण परत देतेत व्हय? अन् वरून औरंगाबादचे लोक येऊन राहिले."

भिकाबाईचं चुकलं असं मला म्हणता येईना. आमच्याकडे शेजारणीची वाटी परत द्यायची तर घासून देतात. पण मला ठाऊक होतं आणि भिकाबाईलाही ठाऊक होतं की गोष्ट वाटीची नव्हती.

पल्लवी मायच्या बरणीपाशी गेली. माय तिथेच उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. बरणीतला तुकडा सगळ्यांत पांढरा होता. चारही कोपरे जुळवून घडी घातली होती.

"चांगला दिसून राहिला ना?" मायने विचारलं.

मला वाटलं, आता पल्लवी ओरडणार. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती, तीही शब्दशः. पण तिने मायच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगला दिसतोय माय." मग बाहेर जाऊन समाजमंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून बसली. तिच्या जागी मी असते तर बरण्या फोडल्या असत्या.

सर आले, बरोबर कॉलेजातल्याच एक बाई होत्या. गावातली माणसंही जमली. पंचायतीचा मेंबर म्हणून रामकिशनने फीत कापली आणि समोरच्या खुर्चीत बसून राहिला. त्याच्या मागे सखुबाई आली. आमच्या समाजमंदिरात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. उंबरठा ओलांडता ओलांडता तिचा हात वर गेला आणि पदर नाकाला लागला. मी मायकडे बघितलं. मायने बघून न बघितल्यासारखं केलं आणि आपल्या बरणीच्या आणखी पुढे सरकली. दिवसभर ती तिथून हलणार नव्हती हे मला कळून चुकलं. मुलीचं मन राखायला बरणी ठेवू दिली होती, पण तिच्यात नाक घालू देणार नव्हती, साबणाचा वास असला तरीसुद्धा.

सर एका बाजूने वास घेत चालले. भीमनगरची रांग संपवून ते थांबले. "या सगळ्या साबणाच्या का आहेत?" त्यांनी पल्लवीला विचारलं. पल्लवीने मायकडे बघितलं. सर पुढच्या रांगेकडे वळले. तिथे मात्र झाकण निघालं की माणूस समोर येऊन उभा राही. घाम, शेण, तंबाखू, हळद.

गावातली पोरंही सरांमागून झाकणं उघडत होती. नाव लिहिलं नव्हतं म्हणून कोणाचं कोणाला कळणार नाही, ही पल्लवीची समजूत औरंगाबादची होती. आमच्या गावात वजनावरून माणूस कळतो. एका बरणीवर लिहिलं होतं, वजन ब्याऐंशी किलो, हनुवटीच्या डाव्या बाजूला चामखीळ. सुरजने ती उघडली, वास घेतला आणि मान झटकन मागे घेतली.

"अबाबा. ब्याऐंशी किलोचा वास हाय बरं का," तो म्हणाला.

पोरं हसली. मग मोठी माणसंही हसली. आख्खं समाजमंदिर एका चामखिळीकडे बघायला लागलं. सखुबाई मधोमध उभी होती. पदर नाकावरून घसरून हनुवटीवर आला होता, आणि तो तिने तिथेच घट्ट धरून ठेवला. तिचा चेहरा लालबुंद झाला. रामकिशन खुर्चीत चुळबुळला, पण उठला नाही.

मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. इतकी वर्षं जिच्या नाकाला पदर लागत होता तिच्याच बरणीपासून लोक नाक मागे घेत होते, आणि तेही आमच्या समाजमंदिरात. हसू दे अजून, असं मी मनात म्हणत होते. आपल्या बरणीपासून माय हलली तेव्हा मला वाटलं, तीही हसायलाच चालली.

माय सुरजच्या हातातली बरणी घेऊन उभी राहिली. आधी तिने कार्डाकडे बघितलं. तिला वाचता येत नाही. मग तिने तोंड बरणीवर नेलं आणि वास घेतला. सर्दी झालेलं माणूस वाफ घेतं तसा, डोळे मिटून, दमाने. पुन्हा एकदा घेतला. लोकांचं हसू हळूहळू बंद पडलं.

"हळदीचा हाय," माय सुरजला म्हणाली. "घामाचा हाय. हसायचं काय त्याच्यात?"

सुरज दोन पावलं मागे सरला. सखुबाईने श्वास सोडला तो मलाही ऐकू आला. ती मायच्या जवळ आली. एवढ्या जवळ त्या दोघी कधी उभ्या राहिलेल्या मी बघितल्या नव्हत्या.

"पद्मे, तुजी कोणती?" सखुबाईने विचारलं.

मायने बोट दाखवलं. तिची बरणी आता मोकळीच पडली होती. सखुबाई गेली, झाकण काढलं, पदर सोडून वाकली आणि वास घेतला. मग तिने नवलाने वर बघितलं.

"हिचा तर साबणाचाच येऊन राहिला."

"धुतला म्या."

"धुवायचा नव्हता ना? काहून धुतला?"

तिने ते खरोखरच विचारलं होतं. त्यात टोमणा नव्हता, खोच नव्हती. तिला ठाऊकच नव्हतं. मला तर तिच्या पदरापेक्षा त्या न ठाऊक असण्याचा जास्त राग आला.

मायने तिच्याकडे सरळ बघितलं. लोटक्याकडे नाही, पायांकडे नाही.

"तुमी नाकाला पदर लावता म्हणून," माय म्हणाली.

आवाज चढवला नाही तिने. कोणी तब्येत विचारली तर सांगावी तसं सांगितलं. सखुबाईने पदराच्या शेवाकडे बघितलं, आणि तो शेव तिने कमरेला खोचला. "सवय हाय ती," एवढंच म्हणाली. मग आणखी हळू म्हणाली, "मला वाटायचं तुला दिसत नसंल." आणि मान खाली घालून घरी गेली. रामकिशन तिच्यामागे गेला.

सरांनी साबणाचं पुन्हा विचारलं नाही. जाताना त्यांनी पल्लवीला सांगितलं की यातली एकही बरणी बदलू नकोस, कॉलेजात आहे तशीच मांड. पुढे तिला मार्क चांगले पडले, पण ते तिचं तिला ठेवू दे.

संध्याकाळी आम्ही तिघीच बरण्या आवरत होतो. मी गप्प राहणारी नाही, म्हणून विचारलं, "माय, तिला काहून वाचवलंस? हसत होते तर हसू द्यायचं. मला तर थंड वाटून राहिलं होतं."

"म्या कोणाला वाचवलं न्हाई," माय म्हणाली. "ती बरणी दे इकडं. ब्याऐंशीची."

मी दिली. तिने झाकण काढून पुन्हा वास घेतला. मग बरणी मांडीवर ठेवून बसली.

"मला वाटायचं त्यायच्या अंगाला वासच येत नसन," ती म्हणाली. "खरंच वाटायचं गं. हापशावर बसून घासायचे तवा वाटायचं, ह्यायची कातडीच वायली असन. माहीच अशी हाय. कितीबी घासली तरी जात न्हाई, म्हंजे मंग आतूनच अशी असन." तिने बरणी आमच्यापुढे धरली. "हुंगा. सारखाच हाय का न्हाई? बराबर सारखा हाय. मंग म्या काय धुऊन राहिले होते एवढे दिवस?"

माय रडायला लागली. आजी गेली तेव्हाही ती आमच्यासमोर रडली नव्हती. आता मात्र तोंडावर हात न घेता, मोठ्याने रडत होती, आणि रागाने बरणीच्या काचेवर तळहात आपटत होती. मला काय करावं कळेना. मी नर्स आहे, रडणारी माणसं मला रोज भेटतात, पण ती आपली माय नसते.

पल्लवी उठून तिला मिठी मारायला गेली. मायने हात आडवा केला.

"आता नको गं. सकाळपासून उभी हाय मी. घामेजून गेले."

पल्लवीने तो हात बाजूला केला आणि मायच्या मानेत नाक खुपसलं. माय आधी ताठ बसली. मग तिने हळूच मान तिरकी केली आणि लेकीला जागा करून दिली.